कट्यारीच्या मुठीतला बिल्ला

दादाचं लग्न ठरलं आणि आठवड्याभरात कट्यारीचा प्रश्न आला. आमच्यात हळद लागल्यापासून सत्यनारायण होईपर्यंत नवरदेवाच्या हातात कट्यार असते. नाव कट्यार, पण असते सरळ मुठीची सुरीच, वीतभर पात्याची. टोकाला लिंबू खोचलेलं असतं. हळदीच्या अंगाला बाहेरचं काही लागू नये म्हणून ते लोखंड हातातून सोडायचं नाही. जेवताना मांडीवर ठेवायचं, झोपताना उशाखाली. प्रत्येक घरी अशी कट्यार नसते. भावकीत एक असते आणि ती एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरते. आमची गोंदियाला मोठ्या बाबांकडे, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाकडे होती. बाबांच्या लग्नातल्या फोटोत तीच त्यांच्या हातात आहे. बाबा कॅमेऱ्याकडे न बघता लिंबाकडे बघताहेत.

पण मोठे बाबा दीड वर्षापासून आमच्याशी बोलत नव्हते.

बाबा रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या एका रोलिंग मिलमध्ये फिटर होते. एका संध्याकाळी ते मशीनच्या पट्ट्यात सापडले आणि घरी आले नाहीत. चौदावं व्हायच्या आधी मिलमधून दोन माणसं कागद घेऊन आली. कागद इंग्रजीत होता, दीड पानाचा. आईने सही केली की भरपाई मिळणार होती आणि दादाला मिलमध्ये घेणार होते. मोठे बाबा म्हणाले, वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. दादा म्हणाला, ये लोग रोज़ रोज़ नहीं आएँगे. आई माझ्याकडे वळली.

"तुले इंग्रजी शाळेत कायले घातलं? वाच अन् सांग मले."

मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. कंपनीला दुःख आहे. कंपनी इतके पैसे देईल. मुलाला कामावर घेईल. मधे एक वाक्य होतं: मृताची पाळी संपलेली होती, तो कोणी सांगितलेलं नसताना स्वतःच्या मर्जीने मशीनजवळ गेला, आणि यात कंपनीचा दोष नाही. ते वाक्य मी वाचलं आणि सांगितलं नाही. खालच्या वाक्यावर गेले. दादा भिंतीला टेकून उभा होता. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. त्यानेही कागद आधी वाचलेला होता, हे मला तेव्हाच कळलं.

मी का सांगितलं नाही, याचं उत्तर मी नंतर बरेचदा शोधलं. त्या वेळी एवढंच वाटलं होतं की आईला हे ऐकवू नये. नवरा आपल्याच चुकीने मेला असं दहा जणांसमोर तिला कशाला ऐकवायचं? मला तसंही दहा जणांसमोर बोलायची सवय नाही. एक वाक्य कमी बोलायचं होतं, म्हणून सोपं गेलं.

आईने सही केली. मोठे बाबा चहा न घेता संध्याकाळच्या गाडीने गेले, ते गेलेच.

तर आता दादाचं लग्न होतं आणि कट्यार गोंदियाला होती.

"सदर बाजार में मिलती है न," दादा म्हणाला. "शादी के सामान की दुकान में. ले आएँगे."

"थे टिनाची असते," आई म्हणाली. "लिंबू टोचलं का वाकते."

"तो लिंबू छोटा लेना, मम्मी."

"मस्करी नको करू. तुह्या बाबाचं काईतरी पाह्यजे तुह्या हातात. गोंदियाले मी मागायले जाणार नाई. पोट्टी ऑफिसात दिवसभर चित्रं काढते, थेच बनवंन."

मी नवा रायपुरातल्या एका ऑफिसात काम करायचे, अजूनही करते. रस्त्यांवरच्या आणि इमारतींवरच्या पाट्यांची ड्रॉइंग आम्ही बनवतो. बाण कुठे, अक्षर किती मोठं, खांब किती उंच. खिडकीतून सहा पदरी रस्ता दिसतो आणि त्यावर पाच-दहा मिनिटांनी एखादी कार. बस आली नाही तर थांब्यावर तासभर उभं राहावं लागतं, आणि त्या तासात माणूस जे टाळत असतो तेही आठवतं. सुरी मी कधी बनवली नव्हती. पण आईने माझ्याकडे काही मागावं, असं सहीच्या दिवसानंतर पहिल्यांदाच झालं होतं. मी हो म्हटलं.

बाबांची अवजारांची पेटी मिलने दादाच्या हाती परत पाठवली होती. ती आईच्या पलंगाखाली होती, दीड वर्ष न उघडलेली. एका रविवारी दुपारी आईने आणि मी ती बाहेर ओढली. ग्रीसचा वास आला. वरती पाने होते, हातोडी होती, खाली किंतानात गुंडाळलेल्या, लोखंड घासायच्या कानशी. सगळ्यात लांब कानस मी काढली. कानशीचं पोलाद कडक असतं, त्याची सुरी चांगली होते, असं मी वाचलेलं होतं. ती काढताना किंतानातून काहीतरी फरशीवर पडलं आणि गोल फिरत पलंगाच्या पायाशी थांबलं.

पितळी बिल्ला होता. मोठ्या नाण्याएवढा, वरती भोक, मधोमध ठोकून उमटवलेला नंबर: ४१७.

"आवं, हा तर त्याईचा बिल्ला!" आईने तो उचलून पदराने पुसला. "चारशे सतरा. मी म्हणो का कुठी गेला."

मिलच्या गेटवर एक लाकडी फळा होता, त्यावर प्रत्येकाचा बिल्ला टांगलेला असायचा. आत जाताना आपला बिल्ला काढून खिशात नाहीतर पेटीत टाकायचा, पाळी संपली की परत फळ्यावर टांगायचा. टाइमकीपर फळा बघूनच सांगायचा की आत कोण आहे. बाबा जेवताना कधीतरी म्हणायचे, "बिल्ला टांगला का माणूस सुटला." आम्ही ते इतक्यांदा ऐकलं होतं की आता ऐकूही यायचं नाही.

बाबांचा बिल्ला टांगलेला नव्हता. तो त्यांच्या पेटीत होता.

मी आईच्या हाताकडे बघत होते. पाळी संपलेली नव्हती. कागदातलं ते वाक्य खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे सांगणारी वस्तू आई पदराने घासून चमकवत होती. तिला बिल्ल्याचा नियम पूर्ण माहीत होता. तिला फक्त कागदात काय लिहिलंय ते माहीत नव्हतं. ते मी तिला सांगितलेलं नव्हतं.

"हा लाव मुठीत," ती म्हणाली. "नंबर बाहेरून दिसला पाह्यजे. लोकाईले नाई समजलं तरी चालते. मले दिसला पाह्यजे."

मी म्हटलं, हो.

मूठ कशाची करायची हेही तिनेच ठरवलं. बाबा पाटावर बसून जेवायचे. घरात टेबल आल्यावरही पाटावरच. सागवानी पाट होता, खाली दोन आडव्या पट्ट्या. आईने एक पट्टी उलथण्याने स्वतःच उखडली. खिळे कुरकुरत निघाले. म्यानासाठी तिने आपल्या लग्नातल्या शालूचा पदर कापला. मी नको म्हटलं तर म्हणाली, "आता कोण नेसते थो?"

ड्रॉइंग मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत केलं. पातं नऊ इंच, मुठीत शिरणारा पोलादाचा भाग चार इंच. दोन्ही बाजूंनी सागाच्या फाका, आरपार तीन पितळी खिळे. बिल्ला उजव्या फाकेवर, मागच्या दोन खिळ्यांच्या मधे, नंबर बाहेर. काढल्यावर दिसलं की बिल्ला मुठीपेक्षा रुंद आहे, दोन्ही कडा घासाव्या लागतील. ते चालण्यासारखं होतं. नंबर राहत होता.

दादाने ते ड्रॉइंग माझ्या मोबाइलवर बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला बस थांब्यावर सोडायला म्हणून गाडीवर घेऊन गेला. तसं तो कधी नेत नाही. थांब्यावर गाडी बंद करून बसून राहिला.

"वो नंबर मत लगा," तो म्हणाला.

मी गाडीवरून उतरले.

"साहब आएँगे शादी में. टाइम ऑफिस वाले भी आएँगे. वो बिल्ला कोई भी पहचान लेगा. पूछेंगे, ये तुम्हारे पास कैसे, ये तो जमा होना था."

"मग तू काय सांगशील?" मी विचारलं. आम्ही असेच बोलतो, मी मराठीत, तो हिंदीत.

"मैं क्या बताऊँगा? तू बता. पढ़ के तो तूने सुनाया था मम्मी को."

एक बस आली, माझी नव्हती. ती जाईपर्यंत तो थांबला.

"तुझे क्या लगता है, मुझे अच्छा लगता है? मैं रोज़ उसी पट्टे के बाजू से निकलता हूँ. दिन में चार बार." त्याने हँडलवरचा हात उलटा केला. मनगटाच्या वर भाजल्याचा एक नवा डाग होता, अजून ओला. "लड़की वालों ने नौकरी देख के हाँ बोला है. शादी के पहले कुछ हुआ ना, तो न नौकरी, न शादी. नंबर अंदर की तरफ लगा दे. मम्मी को बोल देना, ऐसे ही बैठता है."

"आई हात लावून बघेल."

"तो कुछ और सोच. तू तो डिज़ाइनर है."

तो गेला. मी दिवसभर एका हॉस्पिटलच्या पाट्यांवर काम केलं आणि एकही बाण बरोबर दिशेला बसला नाही.

लोहार मला ऑफिसच्या ड्रायव्हरने दाखवला होता. जुन्या रायपुरात एका पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, रस्त्याच्या कडेला, पत्र्याखाली त्याची भट्टी होती. साठीचा माणूस, कोळशाने काळी झालेली बंडी. कुदळी, कुऱ्हाडी, विळे बनवायचा. मला तो पहिल्या दिवसापासून नोनी म्हणाला. छत्तीसगढीत लहान मुलीला म्हणतात. मी त्याला कका म्हणायचे.

त्याने ड्रॉइंगचा कागद उलटासुलटा करून बघितला.

"अतका छोटे चीज बर अतका बड़े कागज?"

"माप लिखा है, कका."

"माप त मोर हाथ म हे." तरी त्याने कागद जपून भिंतीच्या फटीत खोचला.

चार शनिवार मी तिथे गेले. पहिल्या शनिवारी त्याने कानस लाल तापवून राखेत पुरली. रात्रभर राखेत हळूहळू थंड झाली की कडकपणा उतरतो, मग ती ठोकता येते, घासता येते. दुसऱ्या शनिवारी त्याने तिला आकार दिला. मला पात्याच्या पाठीवर कानशीचे थोडे दात ठेवायचे होते, म्हणजे ते काय होतं ते ओळखू यावं. तो नाही म्हणाला. प्रत्येक दात म्हणजे चीर, पाणी पाजताना, म्हणजे तापवून एकदम थंड करताना, लोखंड तिथूनच फुटणार. मी ऐकलं. त्याने सगळे दात घासून काढले. मुठीकडच्या भागाला तीन भोकंही पाडून ठेवली, कारण एकदा पाणी पाजलं की मग बरमा शिरत नाही. तिसऱ्या शनिवारी त्याने पातं पुन्हा तापवलं, पिकलेल्या तेंदूच्या फळासारखं नारिंगी झालं तेव्हा तेलाच्या डब्यात खुपसलं. तेलाने पेट घेतला आणि विझला. मग त्याने ते निखाऱ्यांपासून लांब धरून हलकेच शेकलं, पिवळसर झाक येईपर्यंत. तसं केलं नाही तर काचेसारखं तुटतं म्हणाला.

त्या भट्टीशी मला बरं वाटायचं, हे मी खरं सांगते. तिथे मला कोणी काही विचारत नव्हतं. कका आपल्याशीच बोलायचा, मी भट्टीचा पंखा फिरवायचे, संध्याकाळी नखांत कोळसा घेऊन घरी यायचे. आई माझी नखं बघून "लोहारीन झाली पोट्टी माही" म्हणायची आणि खूश व्हायची. बाबांची नखं तशीच असायची.

चौथ्या शनिवारी मूठ बसवायची होती.

मधल्या आठवड्यात मी ड्रॉइंग बदललं होतं आणि आल्या आल्या भिंतीतला जुना कागद काढून तिथे नवा खोचला होता. आधी बिल्ला मधल्या आणि मागच्या खिळ्याच्या बरोबर मधे होता, खिळे त्याला लागत नव्हते. आता मी तो अर्ध्या इंचाने पुढे सरकवला होता. अर्ध्या इंचाने मधला खिळा नेमका एकाच्या आकड्यावर यायचा. मूठ मधे बारीक होती, म्हणून तिथे बिल्ल्याच्या कडा जास्त घासाव्या लागणार होत्या आणि कडेचे चार आणि सात अर्धे जाणार होते. नंबर बाहेरच राहत होता, आईला दिलेला शब्द मोडत नव्हता. आणि वाचता येणार नव्हता, म्हणजे दादाचंही होत होतं. ड्रॉइंगमध्ये ते फार नीट दिसत होतं. तीन खिळे सारख्या अंतरावर, मधल्या खिळ्याभोवती पितळेचा गोल. कोणी बघितलं असतं तर शोभेसाठी केलंय असंच म्हटलं असतं.

ककाने बिल्ला सागाच्या फाकेवर ठेवला, खुणा जुळवल्या आणि थांबला. त्याला वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते.

"नोनी, छेद ह नंबर ऊपर परत हे."

"हां."

"थोरिक पाछू सरका देबो त बाँच जाही." त्याने बोटाने बिल्ला मागे सरकवून दाखवला. नंबर पूर्ण दिसत होता. इतकं सोपं होतं. "काकर नंबर ए?"

"पापा का."

"त बचा न."

मी त्या भिंतीतल्या कागदाकडे बोट दाखवलं. "ड्रॉइंग में जैसा है, वैसा ही."

तो म्हणाला, "हव." त्याने बिल्ला पुन्हा पुढे घेतला आणि बरमा लावला. पितळ मऊ असतं. पिवळे बारीक कीस वळत वळत बाहेर आले आणि एक मिनिटही लागलं नाही. खिळा ठोकून त्याने त्याचं डोकं पसरवलं आणि मग सगळी मूठ एकसारखी घासली. मी कोणाच्या भीतीने ते केलं, दादासाठी केलं की माझं वाचायचं राहून गेलेलं वाक्य लपवण्यासाठी, हे मला अजून वेगळं काढता येत नाही. त्या दिवशी मला एवढं मात्र माहीत होतं की मी काय करते आहे.

लग्नाला दहा दिवस होते. आई पलंगावर तांदूळ निवडत बसली होती. मी कट्यार शालूच्या म्यानातून काढून तिच्यापुढे ठेवली. तिने हात पुसले. पात्याला तिने हात लावला नाही. मूठ मुठीत घेतली, सागावरून बोट फिरवलं.

"पाटाचीच हाय, नाई का? थेच रेघ हाय." मग अंगठा पितळेवर गेला. गोल फिरला, थांबला, परत फिरला. तिने कट्यार खिडकीकडे धरली. "नंबर कुठी हाय?"

"बाहेरूनच आहे. खिळा बसला त्याच्यावर."

"अन् हे बाजूचं?"

"घासताना गेलं."

तिचं तोंड उतरलं होतं, पण ते तिने मला दिसू नये म्हणून पटकन सावरलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "पयल्यांदा केलं तू. एवढं केलं थेच खूप हाय. चुकते मानूस."

ती रागावली असती तर मी गप्प राहिले असते. मला गप्प राहता येतं. पण ती मला माफ करत होती, ज्याची तिला कल्पनाही नव्हती त्याबद्दल. मी खाली बसले आणि म्हटलं, "चुकलं नाही, आई. मी मुद्दाम केलं."

मग मी सांगितलं. कागदातलं वाक्य सांगितलं, आधी इंग्रजीत जसं होतं तसं, मग मराठीत. बिल्ला पेटीत सापडला तेव्हा काय लक्षात आलं तेही. दादा काय म्हणाला तेही. सांगताना मी तांदळाकडे बघत होते.

आईने सूप बाजूला सारलं.

"ड्युटी संपली होती म्हणते?"

"असं लिहिलं होतं."

"अन् बिल्ला पेटीत."

"हो."

"मंग थे कामावरच होते."

"हो."

"अन् मी सही केली का थे आपल्या मनानं मेले म्हून. तुह्या दादाले मालूम होतं?"

"हो."

"अन् तुले."

"हो, आई."

तिने कट्यार म्यानात घातली. ते नीट जाईना तेव्हा दोनदा काढून परत घातली. मग सूप मांडीवर ओढलं आणि तांदूळ निवडायला लागली. मला वाटलं, आता रडेल, आता बोलेल. ती खडे काढत राहिली आणि शेवटी म्हणाली, "पत्रिका वाटून झाल्या."

लग्न झालं. हळदीला आईने स्वतः काही केलं नाही, मावशीने केलं. विधवेने करायचं नसतं. कट्यार मावशीने दादाच्या हातात दिली, टोकाला लिंबू लावून. दादाने मूठ फिरवून पितळ बघितलं, अंगठा ठेवला आणि माझ्याकडे एकदा मान हलवली. थँक यू म्हणाल्यासारखी. मी दुसरीकडे बघितलं.

मिलचे साहेब रिसेप्शनच्या वेळी आले, त्यांच्याबरोबर टाइम ऑफिसचे दोघं. स्टेजवर फोटो काढताना साहेबांचं लक्ष दादाच्या हाताकडे गेलं.

"अरे, ये क्या है भाई? हथियार?"

"रस्म है सर. हमारे में होता है."

"दिखाओ, दिखाओ." त्यांनी हात पुढे केला. दादाने क्षणभर घट्ट धरली आणि मग दिली.

"आवं बाई!" खालून मावशी ओरडली. "नवरदेवानं कट्यार सोडली! असं करतेत का?"

"राहू दे," आई म्हणाली. ती स्टेजच्या पायऱ्यांशी उभी होती. "पाहू दे त्याईले."

साहेबांनी कट्यार दिव्याखाली धरली. पातं बघितलं, उलटीसुलटी केली. अंगठा पितळेवर ठेवून पुसल्यासारखा फिरवला. टाइम ऑफिसवाल्यांपैकी एकाने वाकून बघितलं.

"क्या बढ़िया काम है. किसने बनाई?"

"मेरी बहन ने, सर."

"बहुत सुंदर. ये पीतल वाला डिज़ाइन तो कमाल है, बेटा." हे मला होतं.

मी थँक यू सर म्हणाले. लहानपणापासून शाळेत शिकवलेलं, आपोआप तोंडातून निघतं.

आई एक पायरी वर आली होती. तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता ती बोलणार. दादालाही वाटलं असावं, तो पांढरा पडला होता आणि त्याच्या शेजारी नवी वहिनी काही न कळून हसत होती. आईने तिच्याकडे बघितलं. मग हिंदीत म्हणाली, "खाना खा के जाइए, साहब." ते खाऊन गेले.

सत्यनारायण झाल्यावर दोन दिवसांनी आई सकाळच्या गाडीने एकटी गोंदियाला गेली. कोणाला विचारलं नाही. कट्यार पिशवीत होती, हे मला पलंगाखाली पेटीवर ती दिसली नाही तेव्हा कळलं. संध्याकाळी परत आली तेव्हा पिशवी नुसतीच होती. मी पाणी दिलं.

"मोठे बाबा बोलले?" मी विचारलं.

"बोलले." तिने पाणी संपवलं. "त्यायनं वकिलाले दाखवलं, संग गेलो होतो. वकिलानं भिंग लावून पाह्यलं. चार वाचता येते म्हणे, थोही अर्धा. बाकीचं काई सांगता येत नाई. बिल्ला आधी आणला असता तर म्हणे."

"आणि कट्यार?"

"तिथंच ठेवली. भावकीतल्या पोट्ट्याईच्या लग्नात कामी येईन."

तिने मला रागाने काही म्हटलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. माझा डबा भरते, बसला उशीर झाला की फोन करते, माझ्या लग्नाचं बघते. दादा आणि वहिनी वर राहतात. तो रोज त्याच पट्ट्याच्या बाजूने जातो.

फक्त एक झालं. घरी इंग्रजीतलं काही आलं, बँकेचं, विजेचं, पी.एफ. ऑफिसचं, की आई ते माझ्याजवळ आणत नाही. मी घरात असले तरी नाही. चष्मा पुसून समोरच्या घरी जाते. तिथली सून बारावी झालेली आहे, अडखळत वाचते, कठीण शब्द आला की थांबते.

"सगळं वाच बाई," आई तिला सांगते. "समजलं नाई तरी वाच. मधातलं सोडू नको."

मी आत कणीक मळत असते. गल्ली अरुंद आहे, सगळं ऐकू येतं.